मानसोपचार परिचर्येतील संवाद व निर्णय

मनोरुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिका जे बोलते, ऐकते आणि ज्या रीतीने रुग्णाच्या सान्निध्यात राहते, ते सर्व रुग्णाच्या सुधारणेच्या हेतूने व जाणीवपूर्वक योजिले असल्यास त्याला उपचारात्मक संवाद असे म्हणतात. या संवादातून हाती येणाऱ्या माहितीच्या आधारे रुग्णावर किती लक्ष ठेवावे, वैद्यास केव्हा बोलवावे, ‘गरजेप्रमाणे द्यावे’ म्हणून लिहून ठेवलेले औषध द्यावे की नाही, रुग्णाला एकटे सोडावे की त्याच्याजवळ बसावे, असे अनेक निर्णय परिचारिकेला दिवसभर घ्यावे लागतात. संवाद व निर्णय ही दोन वेगळी कौशल्ये म्हणून शिकविली जातात. प्रत्यक्षात मात्र ती एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. शस्त्रक्रिया-कक्षात नाडी, रक्तदाब व तापमान यांच्या नोंदीवरून बरेच काही ठरविता येते. मनोरुग्ण-कक्षात रुग्णाचे बोलणे, त्याचे मौन, त्याचे जेवणे व झोपणे हीच मुख्य लक्षणे असतात आणि ती मिळविण्याचा मार्ग संभाषणातून जातो. संभाषण चुकले, तर निर्णयही चुकतो. त्याची किंमत काही वेळा रुग्णाच्या प्राणांनी मोजावी लागते.

ऐतिहासिक आढावा : मनोरुग्णांच्या पायांतील साखळ्या तोडण्याचे श्रेय रूढ कथेप्रमाणे फ्रेंच वैद्य फीलिप पीनेल यांना दिले जाते. पॅरिसजवळील बीसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये ही सुधारणा प्रत्यक्षात घडवून आणणारा मनुष्य मात्र वैद्य नव्हता. झां बातीस्त प्यूसँ हा तेथील मनोरुग्ण-विभागाचा व्यवस्थापक असून तो पूर्वी त्याच रुग्णालयात गंडमाळेचा रुग्ण म्हणून राहिलेला होता. रुग्णांशी नित्य बोलून, त्यांचे स्वभाव ओळखून आणि सेवकांना मारहाणीची मनाई करून त्याने जी पद्धती बसविली होती, तिचे पीनेल यांनी निरीक्षण केले व तिला आपल्या लेखनात स्थान दिले. इंग्लंडमध्ये क्वेकर पंथीयांनी १७९६ मध्ये यॉर्क येथे ‘रिट्रीट’ ही संस्था उघडून सौम्य वागणुकीचा प्रयोग केला. हॅनवेल येथे जॉन कॉनली यांनी १८३९ पासून यांत्रिक बंधनांचा वापर थांबविला. बंधने काढल्यावर रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसाचे वर्तन महत्त्वाचे ठरू लागले व त्याच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे आला. ब्रिटनमध्ये १८८५ साली मनोरुग्ण-सेवकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध झाली. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातील मक्‌लेन रुग्णालयात १८८२ मध्ये मानसोपचार परिचर्येची शाळा सुरू झाली.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिचारिकेचे काम मुख्यतः राखण, स्वच्छता व शांतता एवढ्यापुरतेच मानले जात होते. या समजुतीस धक्का देणाऱ्या दोन घटना १९५२ या एकाच वर्षी घडल्या. पॅरिसमध्ये झां दले व प्येर दनिकेर यांनी क्लोरप्रोमॅझीन हे औषध चित्तविकृतीवर वापरले, त्यामुळे पूर्वी संवादाच्या पलीकडे गेलेले मानले जाणारे अनेक रुग्ण बोलण्याच्या टप्प्यात आले. त्याच वर्षी अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाव (१९०९–९९) यांचा परिचर्येतील आंतरव्यक्तिक संबंधांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ काही वर्षे आधीच लिहून तयार होता. परंतु वैद्य सहलेखक नसताना एका परिचारिकेने असे पुस्तक काढणे त्या काळी धाडसाचे वाटल्यामुळे त्याचे प्रकाशन लांबले. हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या विचारांचा पेप्लाव यांच्यावर प्रभाव होता. परिचारिका व रुग्ण यांचा संबंध परिचय, तादात्म्य, साहाय्याचा उपयोग आणि समाप्ती अशा अवस्थांतून जातो, असे त्यांनी दाखविले. चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र व घबराटीची अशा चार पातळ्या त्यांनी वर्णिल्या आहेत. त्यांचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. सौम्य चिंतेत मनुष्य नवे शिकू शकतो. घबराटीच्या पातळीवर त्याला लांब वाक्य समजतच नाही. अशा वेळी समजुतीचे व्याख्यान देणारी परिचारिका निष्फळ श्रम करीत असते. तेथे दोनतीन शब्दांची सूचना, संथ आवाज व शांत सोबत एवढेच उपयोगी पडते.

याच सुमारास कक्षातील प्रत्यक्ष व्यवहाराचे निरीक्षण करणारे काही मोलाचे अभ्यास झाले. ग्वेन ट्यूडर यांनी १९५२ मध्ये ‘परस्पर माघार’ या घटनेचे वर्णन केले. रुग्ण कोणाशी बोलत नाही, म्हणून परिचारिका त्याच्याकडे जात नाहीत आणि कोणी येत नाही म्हणून तो अधिकच गप्प होतो. कालांतराने ही स्थिती त्याच्या रोगाचे लक्षण म्हणून नोंदली जाते. परिचारिकेने नेमाने रुग्णाजवळ जाण्यास आरंभ केल्यावर हे चक्र मोडू शकते, असे त्यांना आढळले. आल्फ्रेड स्टँटन व मॉरिस श्वार्त्स यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णाच्या प्रक्षोभाचा संबंध कर्मचाऱ्यांमधील छुप्या मतभेदाशी जोडला. एखाद्या रुग्णाबाबत दोन अधिकारी मनातून असहमत असतील व ते उघड बोलत नसतील, तर तो रुग्ण अस्वस्थ होतो. मतभेदाची मोकळी चर्चा झाली की प्रक्षोभ ओसरतो.

आयडा जीन ऑर्लँडो (१९२६–२००७) यांनी १९६१ मध्ये मांडलेला विचार निर्णयप्रक्रियेच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरला. रुग्णाचे वर्तन दिसले की परिचारिकेच्या मनात क्षणार्धात एक अर्थ उमटतो व एक भावना जागी होते. त्या अर्थावर विसंबून केलेली कृती ही यांत्रिक कृती होय. तो अर्थ रुग्णाला विचारून, पडताळून मग केलेली कृती ही विचारपूर्वक कृती होय. रुग्ण ताट सरकवतो. परिचारिकेला वाटते की, तो हट्ट करीत आहे. तिने हे गृहीत धरून त्याला रागावले, तर खरे कारण अज्ञातच राहते. ‘तुम्ही ताट बाजूला केलेत. जेवायचे नाही, की आणखी काही आहे?’ असे विचारल्यास तोंडाला कोरड पडली आहे, दात दुखतो आहे, आज उपवास आहे, अन्नात विष आहे किंवा आता जगायचेच नाही, यांपैकी कोणतेही उत्तर येऊ शकते. या प्रत्येक उत्तराला वेगळा निर्णय लागतो. व्हिएन्नात जन्मलेल्या व एडिंबरा येथे प्राध्यापक झालेल्या ॲनी आल्टशूल (१९१९–२००१) यांच्या १९७२ सालच्या अभ्यासात मात्र असे दिसले की, रुग्णांशी वागताना परिचारिका कोणत्याही निश्चित सिद्धांताच्या आधाराने नव्हे, तर बहुधा साध्या व्यवहारबुद्धीने वागतात. या निष्कर्षाने परिचर्या-शिक्षकांची निराशा झाली असली, तरी प्रशिक्षणाची दिशा ठरविण्यास तो उपकारक ठरला.

संवादाचे स्वरूप : उपचारात्मक संवाद हा मैत्रीच्या गप्पांहून वेगळा असतो. मैत्रीत दोघांच्या गरजा भागतात; येथे केवळ रुग्णाची गरज केंद्रस्थानी असते. परिचारिकेने स्वतःचे घरगुती दुःख सांगून बरोबरी साधणे म्हणूनच योग्य मानले जात नाही. तसेच हा संवाद चौकशीहूनही वेगळा आहे. नाव, वय, औषध घेतले का, झोप लागली का, असे प्रश्न एकामागून एक विचारले, तर उत्तरे होय-नाहीतच मिळतात. ‘रात्र कशी गेली?’ हा प्रश्न ‘झोप लागली का?’ या प्रश्नापेक्षा अधिक काही सांगून जातो. रुग्णाचे शेवटचे शब्द पुन्हा उच्चारणे, त्याच्या बोलण्यातील भावना आपल्या शब्दांत मांडणे, अस्पष्ट शब्दाचा अर्थ विचारणे, आणि गप्प राहून थांबणे ही साधने साधी आहेत. यांपैकी मौन हे सर्वांत अवघड असते. नवशिकी परिचारिका काही क्षणांच्या शांततेने बेचैन होते व काहीतरी बोलून ती मोडते. आणि नेमके त्याच वेळी रुग्ण बोलण्याच्या बेतात असतो.

टाळावयाच्या गोष्टींत खोट्या धीराला पहिले स्थान द्यावे लागेल. ‘काही होत नाही, सगळे ठीक होईल’, ‘इतके काय मनाला लावून घ्यायचे’, ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक पाहा’ ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात. रुग्णाला त्यांतून एवढेच कळते की, आपले ऐकले जाणार नाही. ‘असे का केलेत?’ हा प्रश्नही जपून वापरावा लागतो. कारण त्यात जाब विचारल्याचा सूर येतो व रुग्ण समर्थन देऊ लागतो. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समानुभूती, सच्चेपणा आणि विनाअट स्वीकार या मानसोपचारकाच्या आवश्यक वृत्ती म्हणून सांगितल्या. परिचर्येलाही त्या लागू पडतात. तथापि परिचारिका ठरलेल्या तासाला भेटत नसून अंघोळ, जेवण, औषध यांच्या निमित्ताने दिवसरात्र भेटते, त्यामुळे तिच्या वृत्तीची परीक्षा अधिक कठोर असते [⟶ मानसचिकित्सा].

भाषा व संबोधने : मराठी भाषक रुग्ण मानसिक दुःख पुष्कळदा शरीराच्या भाषेत सांगतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते’, ‘अंगात त्राण नाही’ अशा तक्रारी घेऊन तो प्रथम सर्वसाधारण रुग्णालयात जातो. तपासण्यांत काही निघत नाही व ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून त्याची बोळवण होते. या शब्दांचा अर्थ परिचारिकेने त्याच्याकडूनच उलगडून घेतला, तर ‘जीव घाबरा होणे’ म्हणजे कोणाला हृदयाची धडधड, कोणाला मृत्यूचे भय, तर कोणाला लेकीच्या लग्नाची काळजी अभिप्रेत असल्याचे आढळते. ‘कंटाळा आला’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. तो नित्याच्या अर्थाने वापरला जातो आणि जगण्याचा वीट आल्याच्या अर्थानेही. ‘कशाचा कंटाळा?’ एवढा एकच प्रश्न या दोहोंतील भेद दाखवितो.

महाराष्ट्रातील रुग्णालयांत परिचारिकेस ‘सिस्टर’, कक्षसेविकेस ‘मावशी’ व कक्षसेवकास ‘मामा’ म्हणण्याची रीत आहे. रुग्णांनाही आजी, काका, ताई, दादा अशी नाती जोडली जातात. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत असे नाते जोडणे व्यावसायिक मर्यादेचा भंग मानले जाईल. येथे ते बहुधा आदराचे व सुरक्षिततेचे चिन्ह ठरते. त्यालाही अपवाद आहेत. संशयग्रस्त रुग्णाला अकारण जवळीक धोक्याची वाटते. त्याच्या बाबतीत आडनावाला ‘राव’ किंवा ‘साहेब’ जोडून थोडे अंतर राखणे हितावह असते. प्रौढ रुग्णाला केवळ तो मनोरुग्ण आहे म्हणून ‘अरे-तुरे’ करणे ही सवय मनोरुग्णालयांत जुनी आहे आणि ती कोणत्याही सबबीखाली समर्थनीय नाही. ‘बाहेरचे झाले’, ‘करणी केली’, ‘अंगात येते’ असे नातेवाईक सांगतात, तेव्हा त्यांची थट्टा केल्यास पुढील माहितीचा ओघ थांबतो. त्या समजुतीला दुजोरा न देता ‘केव्हापासून, कशानंतर, तेव्हा ते काय करीत होते?’ असे विचारीत गेल्यास रोगाचा आरंभ व क्रम समजतो. प्रियजनाच्या मृत्यूनंतर काही काळ त्याची हाक ऐकू येणे, किंवा उत्सवात अंगात येणे, हे आपोआपच मनोविकाराचे लक्षण ठरत नाही.

विशिष्ट अवस्था : संभ्रम झालेल्या रुग्णाशी वाद घालू नये आणि त्याला होकारही देऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे. वादाने समजूत अधिक घट्ट होते. खोटा होकार पुढे उघड होऊन विश्वास जातो. अन्नात विष असल्याचे म्हणणाऱ्या रुग्णास ‘असे वाटत असताना जेवणे कठीणच, फार भीती वाटत असेल’ असे म्हणून भीतीची दखल घेता येते व सोलावयाचे केळे, टरफलासह उकडलेले अंडे किंवा सर्वांच्या भांड्यातून स्वतः वाढून घेतलेले अन्न देता येते. निर्वस्तुभ्रमाच्या बाबतीत ‘तुम्हाला आवाज येतो, हे खरे. मला तो ऐकू येत नाही. तो काय सांगतो?’ असे विचारणे इष्ट असते. यातील शेवटचा प्रश्न कुतूहलापोटी नसतो. आवाज आज्ञा देत असेल, स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्यास सांगत असेल आणि रुग्णाला ती आज्ञा मोडवत नसेल, तर देखरेखीचा निर्णय तत्काळ बदलावा लागतो. उन्मादावस्थेत भाषणापेक्षा वातावरण महत्त्वाचे. गोंगाट कमी, वाक्ये आखूड, आणि सर्व कर्मचाऱ्यांची मर्यादा एकच असावी.

आत्महत्येचा धोका : संवाद व निर्णय यांचा सर्वांत निकटचा संबंध येथे दिसतो. आत्महत्येविषयी विचारल्याने रुग्णाच्या डोक्यात तो विचार शिरतो, अशी समजूत कर्मचाऱ्यांतही प्रचलित आहे. ती निराधार आहे. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही. उलट अनेक रुग्णांना कोणीतरी हा विषय काढल्याने हायसे वाटते. प्रश्नांचा क्रम साधारणपणे सौम्याकडून स्पष्टाकडे जातो : जगणे नकोसे वाटते का, मरून जावे असे मनात येते का, जीव देण्याचा विचार येतो का, कसा द्यायचा हे ठरविले आहे का, त्यासाठी लागणारी वस्तू हाताशी आहे का, यापूर्वी प्रयत्न केला होता का, आजवर कशामुळे थांबलात. योजना जितकी निश्चित व साधन जितके जवळ, तितका धोका अधिक. ग्रामीण भागात शेतीची कीटकनाशके घरात असतात, हे ध्यानात घेऊन ती हलविण्याविषयी कुटुंबाशी बोलणे हाही परिचर्येचाच भाग आहे.

रुग्ण नेहमीच उघड बोलतो असे नाही. ‘पोरांना सांभाळा’, ‘आता तुम्हाला माझा त्रास नाही’, वस्तू वाटून टाकणे, हिशेब मिटविणे ही सूचक चिन्हे होत. अनेक दिवस खिन्न असलेला रुग्ण एकाएकी शांत व प्रसन्न दिसू लागला, तर ती सुधारणा असू शकते; पण मरणाचा निश्चय पक्का झाल्याने आलेली शांतताही असू शकते. रोगी सुधारल्याचे पाहून त्याच दिवशी देखरेख सैल करणे म्हणूनच घातक ठरते. उपचाराच्या प्रारंभी हालचालीची शक्ती परत येते, पण निराशा अद्याप टिकून असते, अशा काळातही सावध राहावे लागते. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष धोक्याचे असल्याचे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांवरून सिद्ध झाले आहे.

‘सिस्टर, एक सांगते, पण कोणाला सांगू नका’ असे म्हणून रुग्ण विश्वासात घेते, तेव्हा परिचारिकेपुढे पेच उभा राहतो. वचन देऊन नंतर मोडणे किंवा वचन पाळून जीव धोक्यात घालणे हे दोन्ही चुकीचे. ‘तुमच्या जिवाच्या सुरक्षिततेची गोष्ट असेल, तर ती मला डॉक्टरांना सांगावी लागेल, पण सांगण्यापूर्वी मी तुम्हाला सांगेन’ असे आरंभीच स्पष्ट करणे हा मार्ग आहे. एवढे ऐकूनही बहुतेक रुग्ण बोलतात.

देखरेखीच्या पातळ्या ठराविक वेळाने पाहण्यापासून ते सतत हाताच्या अंतरावर राहण्यापर्यंत असतात. सतत देखरेख पहारेकऱ्याप्रमाणे मुक्याने केली, तर रुग्णाला ती शिक्षा वाटते. सोबत बसणारी व्यक्ती अधूनमधून बोलत असेल, तर तोच काळ उपचाराचा होतो. हे काम अनेक ठिकाणी सर्वांत कमी प्रशिक्षित सेवकाकडे सोपविले जाते, हा या व्यवस्थेतील मोठा दोष होय.

निर्णयप्रक्रिया : निरीक्षण, अर्थनिर्णय, योजना, कृती व फलमापन हा परिचर्या-प्रक्रियेचा क्रम पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. मनोरुग्ण-कक्षात अर्थनिर्णयाची पायरी सर्वाधिक निसरडी असते. चित्तविकृतीवरील औषध सुरू झालेला रुग्ण येरझाऱ्या घालू लागतो, एका जागी बसत नाही, रात्री पलंगावरून उठतो. हा रोगाचा प्रक्षोभ आहे असे मानून औषधाची मात्रा वाढविली जाते. पण ती अस्वस्थता त्या औषधाचाच दुष्परिणाम असू शकते, आणि मग वाढीव मात्रेने ती बळावते. ‘मन बेचैन आहे, की पाय स्वस्थ बसू देत नाहीत?’ या प्रश्नाला बरेच रुग्ण नेमके उत्तर देतात. दुष्परिणामामुळे होणाऱ्या या तगमगीने काही रुग्ण जीव देण्याच्या विचारापर्यंत जातात, म्हणून हा भेद केवळ पुस्तकी नाही.

लिथियम घेणाऱ्या रुग्णाची गोष्टही अशीच आहे. रक्तातील त्याची इष्ट पातळी साधारणतः ०·६ ते १·० मिलिमोल प्रतिलिटर असते व १·५ च्या वर विषाक्तता संभवते; म्हणजे हित व अहित यांतील अंतर थोडे. उन्हाळ्यात फार घाम येणे, जुलाब, मिठाचे पथ्य किंवा वेदनाशामक गोळ्या यांमुळे पातळी चढते. हात अधिक कापणे, ओकाऱ्या, चाल लडखडणे, बोलणे जड होणे ही चिन्हे दिसताच पुढील मात्रा थांबवून वैद्यास कळविणे आवश्यक असते. अशा रुग्णाला ‘दारू पिऊन आला’ असे समजले गेल्यास मौल्यवान तास वाया जातात. एकाएकी गोंधळलेल्या, वेळ-स्थळाचे भान नसलेल्या वृद्धाच्या बाबतीतही मानसिक कारण शोधण्यापूर्वी ताप, संसर्ग, रक्तशर्करा, डोक्याचा मार व औषधे यांचा विचार प्रथम करावा लागतो. ताप व स्नायूंचा ताठरपणा ही जोडी चित्तविकृतीवरील औषध घेणाऱ्यात आढळल्यास ती तातडीची अवस्था समजावी.

‘गरजेप्रमाणे’ द्यावयाच्या औषधाबाबत गरज कोणाची, हा प्रश्न टॉमस मेन यांनी १९५७ मध्ये इंग्लंडमधील कॅसल रुग्णालयातील अनुभवावरून उपस्थित केला. परिचारिकांशी दीर्घ चर्चा केल्यावर असे दिसून आले की, शामक औषध बहुधा परिचारिकेची स्वतःची सहनशक्ती संपण्याच्या क्षणी दिले जात होते. ते देताना ते रुग्णासाठीच दिले जात आहे, अशीच तिची प्रामाणिक समजूत असे. ही गोष्ट नाकारण्यापेक्षा मान्य करणे हिताचे असते. औषध देण्यापूर्वी रुग्णाने काय केले, आपण त्याआधी काय करून पाहिले आणि नंतर काय घडले, या तीन गोष्टी नोंदविण्याची शिस्त त्यासाठीच असते.

औषध नाकारणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत नकाराचे कारण जाणून घेणे ही पहिली पायरी होय. तोंड कोरडे पडणे, लैंगिक अडचणी, वजन वाढणे, गोळ्यांचा खर्च, ‘जन्मभर घ्याव्या लागतील’ ही धास्ती, किंवा आपण आजारी नाही ही खात्री, अशी भिन्न कारणे असतात. अन्नात लपवून औषध देण्याची प्रथा भारतीय घरांत आढळते. संकटात सापडलेल्या कुटुंबाची अगतिकता समजण्याजोगी असली, तरी हा प्रकार उघडकीस आल्यावर रुग्ण घरच्या अन्नावरचाच विश्वास गमावतो.

बलप्रयोग व कायदा : तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. बांधलेल्या माणसाला पळता येत नाही, इतके साधे त्याचे कारण होते. भारतात १९१२ चा वेड्यांसंबंधीचा कायदा जाऊन १९८७ चा मानसिक स्वास्थ्य अधिनियम आला आणि त्याची जागा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने घेतली. तो २९ मे २०१८ पासून अंमलात आहे. त्यानुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे, तसेच भूल व स्नायुशैथिल्यकारी औषध न देता विद्युत्-आघात उपचार करणे यांस मनाई आहे. एकांतकोठडीत ठेवणे निषिद्ध असून शारीरिक बंधन हे निकटच्या व तात्काळ इजेस प्रतिबंध करण्याचा एकमेव उपाय असेल तेव्हाच, मानसोपचारतज्ञाच्या मान्यतेने व आवश्यक तेवढाच वेळ वापरता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून ते वापरता येत नाही. त्याची पद्धती, कारण व कालावधी लगेच नोंदवावा लागतो व रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांच्या आत कळवावे लागते. ‘कर्मचारी अपुरे’ हे कारण कायद्याने अमान्य केले असले, तरी रात्रपाळीतील परिचारिकेपुढचे वास्तव बहुधा तेच असते. येथे कायदा व व्यवहार यांतील दरी उघडी पडते.

याच अधिनियमाने रुग्णाला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला आणि उपचाराविषयी निर्णय घेण्याची क्षमता ही प्रत्येक व्यक्तीत आहे असे गृहीत धरले. माहिती समजणे, निर्णयाचे परिणाम जाणणे व निर्णय व्यक्त करणे हे क्षमतेचे निकष होत. निर्णय बोलून, खुणांनी वा अन्य मार्गाने व्यक्त केला तरी चालतो. साहजिकच, माहिती रुग्णाच्या भाषेत व त्याला पेलेल अशा रीतीने सांगितली गेली नसेल, तर त्याच्या अक्षमतेचा निष्कर्ष काढता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूदही या अधिनियमात आहे. त्यापूर्वी असा प्रयत्न दंडनीय असल्यामुळे ‘चुकून औषध प्यायली’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’ अशी कारणे पोलिसांच्या भीतीने सांगितली जात व उपचारास लागणारी खरी माहिती दडून राहत असे. ही भीती कायदा बदलल्यावरही कुटुंबांच्या मनातून पूर्णतः गेलेली नाही.

भारतातील स्थिती : अमृतसर येथे विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाईकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत ठेवून शुश्रूषेत सहभागी करून घेतले. कुटुंबाला उपचाराचे सहकारी मानणारी ही पद्धती पुढे इतरत्रही रुजली. तिचा एक परिणाम असा की, भारतीय परिचारिकेचा संवाद क्वचितच केवळ दोघांत होतो. रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आई, नवरा किंवा सासू देते. त्यांचे ऐकणे आवश्यकच. पण रुग्णाशी, विशेषतः विवाहित स्त्रीशी, काही वेळ एकटीने बोलण्याची सोय न केल्यास घरातील मारहाण किंवा जाच बाहेर येत नाही.

बंगलोर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था (१९७४ पासून राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था) हे मानसोपचार परिचर्येच्या उच्च शिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे. महाराष्ट्रात येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये असून गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनी अशा संस्थांत काही आठवड्यांसाठी येतात. त्यांच्याकडून ‘संवादनोंद’ लिहून घेण्याची पद्धत आहे. कागदाच्या एका स्तंभात रुग्णाचे शब्द, दुसऱ्यात विद्यार्थिनीचे शब्द, तिसऱ्यात तिला त्या क्षणी काय वाटले आणि चौथ्यात नंतर केलेले विश्लेषण असते. संभाषणानंतर लगेच, स्मरणाने व काहीही न सुधारता ती लिहावयाची असते. पुष्कळ विद्यार्थिनी पुस्तकातील नमुन्याबरहुकूम सुबक संवाद लिहून आणतात व त्यास चांगले गुणही मिळतात. अनुभवी शिक्षिका मात्र तिसरा स्तंभ आधी वाचतात. तेथे ‘भीती वाटली’, ‘राग आला’, ‘काय बोलावे सुचले नाही’ अशा नोंदी असल्यास त्या विद्यार्थिनीशी पुढील चर्चा करता येते. तो कोरा असल्यास तिला पुन्हा त्याच रुग्णाकडे पाठविले जाते.